रेजेक्सचा पार्सर लिहिताना चौकोनी कंस कसा वाचावा

‘ॲड.’ या एका उपाधीने माझे जवळजवळ दोन आठवडे खाल्ले. नावांच्या याद्या तपासणारं एक छोटं साधन लिहीत होतो. वापरणाऱ्याने स्वतःचा रेजेक्स (मजकूर कसा असावा हे सांगणारा नमुना) द्यायचा, साधन प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून बघणार. नमुना चालवण्याआधीच तो वाचून ‘अमुक अक्षरापाशी चूक आहे’ असं सरळ मराठीत सांगायचं होतं, म्हणून पार्सर (नमुना वाचून त्याचे भाग ओळखणारा कोड) हाताने लिहायला घेतला. गोल कंस, पर्यायाची उभी रेघ, तारका, अधिक चिन्ह हे सगळं दोन दिवसांत उरकलं. चौकोनी कंस म्हणजे ‘आतल्यापैकी कोणतंही एक अक्षर’ असा संच; त्यासाठी एक दुपार धरली होती.

मग एकाने `[अ-ह]` आणि सोबत मात्रा असा नमुना टाकला आणि यादीतले सगळे वकील बाद झाले. मी माझ्या पार्सरमध्ये चूक शोधत बसलो. त्या बाबतीत पार्सर बरोबर होता, नमुनाच चुकीचा होता: युनिकोडमध्ये ‘अ’ २३०९ वर आहे, ‘ह’ २३६१ वर, आणि ‘ॲ’ २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये उशिरा आला म्हणून थेट २४१८ वर जाऊन बसलाय. पण शोधता शोधता माझ्याच कोडमध्ये खऱ्या चार चुका सापडल्या. त्या चारही चौकोनी कंसातल्या होत्या. तुम्ही असंच काही लिहायला बसला असाल, मग तो नमुने चालवणारा छोटा इंजिन असो, नमुने तपासणारं साधन असो की एका बोलीतला रेजेक्स दुसऱ्या बोलीत नेणारा अनुवादक, तर हा लेख हाताशी ठेवा.

एक खुलासा आधीच. खाली `\डी`, `\डब्ल्यू`, `\एन` असं जिथे आहे तिथे बॅकस्लॅशनंतरचं छोटं रोमन अक्षर समजा, आणि `[:डिजिट:]` मधलं नावही रोमन. संख्या सगळ्या दशमान आहेत.

लागणारं सामान

- ज्या बोलीचा रेजेक्स वाचायचा तिचं अधिकृत वर्णन. ब्लॉगवरचा सारांश चालत नाही. कंसाचे नियम सारांशात पहिले गळतात.
- अक्षराचा कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) दाखवणारं काहीही. पायथनमधलं एका ओळीचं फंक्शनही पुरतं.
- त्या बोलीचा खरा, चालता इंजिन. शंका आली की त्यालाच विचारायचं.
- चाचण्यांची एक साधी फाइल: डावीकडे नमुना, उजवीकडे अपेक्षित उत्तर. ही पहिल्या दिवसापासून ठेवा. मी सहाव्या दिवशी सुरू केली.

१. आधी बोली ठरवा

‘रेजेक्स’ नावाची एकच भाषा नाही, आणि बोलींमधला सर्वांत मोठा फरक चौकोनी कंसाच्या आतच आहे. कंसाबाहेर बहुतेक बोली एकमेकींशी जुळवून घेतात. आत गेलं की प्रत्येकीचे कुळाचार वेगळे.

हा नमुना बघा:

`[\]क]`

पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट वाचतात: एक संच, त्यात `]` आणि ‘क’. पण पॉसिक्सच्या (युनिक्स प्रणालींसाठीच्या प्रमाणाच्या) नियमात चौकोनी कंसाच्या आत बॅकस्लॅशला काहीही खास अर्थ नाही, तो साधा बॅकस्लॅश आहे. म्हणून साधा ग्रेप (ओळी शोधणारी आज्ञा) वाचतो: एक संच, त्यात फक्त बॅकस्लॅश, कंस तिथेच बंद, पुढे ‘क’ आणि `]` ही दोन साधी अक्षरं. पाच चिन्हं तीच, अर्थ दोन, आणि दोन्हीकडे चूक असल्याचा संदेश येत नाही. (ऑक मात्र पॉसिक्स घराण्यातला असूनही कंसात बॅकस्लॅश मानतो. घराण्यावरून स्वभाव ओळखायला जाऊ नका.)

आता हा:

`[]क]`

पॉसिक्स, पर्ल, पायथन: उघडल्याबरोबर आलेला `]` हा साधा, म्हणून संचात `]` आणि ‘क’. जावास्क्रिप्ट: `[]` हा रिकामा संच, जो कशाशीच जुळत नाही, आणि पुढे ‘क’ व `]`. तिथे `[^]` हा ‘कुठलंही अक्षर’ असा वैध नमुना आहे. पायथनमध्ये तोच ‘कंस बंद झाला नाही’ म्हणून फेकला जातो. पीसीआरईमध्ये (पर्लसारखे रेजेक्स चालवणाऱ्या लायब्ररीत) हा स्वभाव पर्यायाने बदलता येतो.

शिवाय काही बोली संचात संच मानतात. जावामध्ये `[क-ह&&[^ङञ]]` म्हणजे ‘क ते ह, पण ङ आणि ञ सोडून’. डॉटनेट तेच `[क-ह-[ङञ]]` असं लिहितो. जावास्क्रिप्टमध्ये २०२४ च्या प्रमाणात आलेला व्ही फ्लॅग (नमुन्यासोबत द्यायचा एका अक्षराचा पर्याय) लावला तर संचातला संच, `&&` आणि `--` हे सगळं चालतं, न लावता चालत नाही. पायथनमध्ये हे अजून नाही, पण ३.७ पासून असं काही दिसलं की तो ‘पुढे याचा अर्थ बदलू शकतो’ अशी सूचना देतो.

तेव्हा कागदावर एक वाक्य लिहा: ‘मी अमुक बोली, अमुक आवृत्ती, अमुक फ्लॅगसह वाचणार.’ सगळ्या बोली एकाच पार्सरने वाचायच्या असतील तर बोलीप्रमाणे बदलणारे नियम एका छोट्या रचनेत गोळा करा (पहिला `]` साधा का, बॅकस्लॅश चालतो का, संचात संच चालतो का, `[:डिजिट:]` सारखी पॉसिक्स नावं चालतात का) आणि कोडमध्ये तीच विचारा. ‘बोली पायथन असेल तर’ अशा अटी कोडभर पेरल्या की तिसऱ्या बोलीला सगळं विस्कटतं.

२. कंसासाठी वेगळं फंक्शन लिहा, शोधाशोध करू नका

नवख्याच्या हातून हमखास होणाऱ्या दोन गोष्टी आहेत. मी दोन्ही केल्या.

पहिली: `[` दिसला की पुढचा `]` शोधायचा आणि मधला तुकडा कापून घ्यायचा. वर पाहिलेले दोन्ही नमुने इथेच मोडतात.

दुसरी अधिक लबाड आहे. आधी सगळा नमुना उभ्या रेघेवर तोडायचा, गोल कंस मोजायचे, आणि मग तुकड्यांमध्ये चौकोनी कंस बघायचे. `[क|ख]` आला की त्याचे `[क` आणि `ख]` असे दोन तुकडे. `[(]` आला की गोल कंसांचा हिशोब चुकला. चौकोनी कंसाच्या आत `.` `*` `+` `?` `(` `)` `|` `$` हे सगळे साधे असतात. (व्ही फ्लॅगखाली जावास्क्रिप्टमध्ये गोल कंस आणि उभी रेघ आत साधी लिहिता येत नाही, एस्केप करावी लागते, म्हणजे आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. अपवाद आहेतच.)

मुख्य पार्सर डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर वाचत जातो. `[` दिसताच त्याने सूत्रं पूर्णपणे दुसऱ्या फंक्शनच्या हाती द्यावीत आणि ते संपेपर्यंत मध्ये बोलू नये. तुम्ही जावास्क्रिप्टचा स्रोतकोड वाचत असाल तर हे त्याहूनही आधी लागतं: तिथे रेजेक्स दोन तिरक्या रेघांमध्ये लिहितात आणि `/[/]/` हा वैध आहे, कारण चौकोनी कंसातली तिरकी रेघ रेजेक्स संपवत नाही.

मोकळ्या जागा सोडून देणारा मोड वाचत असाल तर हेही बघून ठेवा: पायथनमध्ये त्या मोडमध्येही चौकोनी कंसातली मोकळी जागा मोजली जाते, जावामध्ये ती एस्केप केल्याशिवाय मोजली जात नाही.

३. ‘अक्षर’ म्हणजे काय ते ठरवा

इंग्रजी उदाहरणांवर चाचण्या केल्या तर ही पायरी आहे हेच कळत नाही. आपल्याला मात्र ती टाळता येत नाही, म्हणून इथे थोडा वेळ काढू.

यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. ‘ह’ म्हणजे २२४, १६४, १८५. तुमचा पार्सर बाइटनुसार चालत असेल तर `[क-ह]` त्याला असा दिसतो:

२२४, १६४, १४९, हायफन, २२४, १६४, १८५

म्हणजे तो वाचतो: २२४ एकटा, १६४ एकटा, १४९ ते २२४ ही रेंज, १६४ एकटा, १८५ एकटा. १४९ हा २२४ पेक्षा लहान, म्हणून उलट्या रेंजची चूकही येत नाही. सगळं सुरळीत दिसतं, आणि हीच खरी भानगड आहे. हा संच आता एका वेळी अक्षराचा एक तृतीयांश भाग जुळवतो. मागे अधिक चिन्ह लावलंत तर ‘म’ जुळतो, ‘मा’ही जुळतो, जरी काना त्या रेंजमध्ये नाही, ‘म्’ मात्र जुळत नाही, आणि बंगाली ‘क’ बिनदिक्कत आत येतो, कारण त्याचे बाइट २२४, १६६, १४९ आहेत. माझ्या चार चुकांपैकी ही पहिली. चाचणीत ‘कमल’ हे नाव होतं, ते जुळत होतं, मी खूश होतो.

उपाय सोपा: नमुना हातात आल्याबरोबर त्याचे कोडपॉइंट करून घ्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावर चालवा. जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर मजकूर आत यूटीएफ-१६ मध्ये असतो, तिथे ६५५३५ च्या पुढची चिन्हं दोन तुकड्यांत येतात. इमोजी संचात टाकून एक चाचणी करा, लगेच कळेल.

कोडपॉइंटवर आलो तरी डोळ्यांना दिसणारं अक्षर आणि पार्सरचं अक्षर एक नव्हे. चौकोनी कंस एका कोडपॉइंटचा हिशोब करतो, जोडाक्षराचा नाही.

`[क्ष]` हा एका अक्षराचा संच नाही. तो क, हलन्त आणि ष अशा तिघांचा संच आहे.

`[क्ष-ह]` म्हणजे क, हलन्त, आणि ष ते ह. ‘क्ष पासून ह पर्यंत’ असं लिहिणाऱ्याच्या मनात असेल, पण तशी काही गोष्टच नाही.

`[कि-गि]` तर चूकच देतो. पार्सर क घेतो, मग वेलांटीला (२३६७) रेंजची सुरुवात समजतो आणि ‘ग’ला (२३२७) शेवट. रेंज उलटी. लिहिणारा डोकं धरून बसतो, कारण त्याला पडद्यावर ‘कि’ ते ‘गि’ असा सरळ क्रम दिसतोय.

‘दुसऱ्या’मधला ऱ एका कोडपॉइंटने लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोघांनीही. दिसायला फरक शून्य. दुसरा प्रकार `[ऱ]` या कंसात पेस्ट झाला की संचात दोन घटक. तसंच ‘ॲ’ एका कोडपॉइंटने येतो किंवा ‘अ’ वर अर्धचंद्र देऊनही.

यावर पार्सरने काय करावं? नियम बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. क्ष ला मुद्दाम एक घटक मानलं की तुमचा पार्सर खऱ्या इंजिनापेक्षा वेगळं वाचू लागतो, आणि मग तपासणी कशाची? कोडपॉइंटनेच वाचा, पण संचात हलन्ताच्या दोन्ही बाजूंना व्यंजनं दिसली, किंवा रेंजचं टोक मात्रा निघालं, तर इशारा द्या: ‘इथे तुम्हाला जोडाक्षर हवंय का? मग गोल कंसात (क्ष|ज्ञ) असं लिहा.’ व्ही फ्लॅगवाल्या जावास्क्रिप्टमध्ये संचात अनेक कोडपॉइंटची अक्षरमाला ठेवायची सोय आहे, बाकी ठिकाणी गोल कंसच.

४. दाराशीच थांबून दोन गोष्टी बघा: `^` आणि `]`

कंस उघडल्यावर लगेच `^` असेल तर संच उलटा. इतर कुठेही असेल तर ते साधं चिन्ह: `[क^ख]` मध्ये तीन घटक. शेलच्या फाइलनावांच्या नमुन्यात हेच काम `!` करतं, `[!क]` असं. ते रेजेक्स नव्हे, पण लोक सवयीने इकडे आणतात आणि मग उद्गारचिन्हही संचात जातं.

`^` ओलांडल्यावर, किंवा ते नसेल तर लगेच, `]` आला तर बोलीचा नियम बघा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ‘पहिली जागा’ `^` च्या नंतर मोजायची. `[^]क]` पायथनला ‘`]` आणि क सोडून काहीही’ असा दिसतो. माझी दुसरी चूक ही: मी पहिली जागा `[` च्या लगेच पुढची धरली होती.

५. एक घटक वाचणारं फंक्शन

आतलं काम दोन थरांत विभागा. खालचा थर फक्त एक घटक वाचतो आणि दोनपैकी एक उत्तर देतो: ‘हा एक कोडपॉइंट’ किंवा ‘हा एक संच’. हा भेद पुढच्या पायरीत कामाला येतो.

साधं अक्षर असेल तर तोच कोडपॉइंट. बॅकस्लॅश असेल (आणि बोली तो मानत असेल) तर पुढचं चिन्ह बघायचं:

`\एन` म्हणजे नवी ओळ, कोडपॉइंट १०. एक कोडपॉइंट.

`\डी` म्हणजे अंक. संच. कोणते अंक, हे पुन्हा बोलीवर. पायथनच्या युनिकोड मजकुरात `\डी` ला ‘७’ सुद्धा अंक वाटतो; जावास्क्रिप्ट आणि गो या भाषांमध्ये फक्त इंग्रजी अंक (0 ते 9). `\डब्ल्यू` (शब्दातलं अक्षर) ची गंमत आणखी कडू आहे: पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये त्याला काना, वेलांटी, हलन्त जुळत नाहीत, म्हणून ‘मराठी’ या शब्दातून म, र, ठ एवढेच हाती येतात.

`\बी` कंसाबाहेर शब्दाची सीमा असते. आत ती सीमा असूच शकत नाही, कारण संचात अक्षरं असतात, जागा नसतात. पर्ल, पायथन, जावास्क्रिप्टमध्ये आतल्या `\बी` चा अर्थ बॅकस्पेस, कोडपॉइंट ८. बाहेरचं एस्केप वाचणारं फंक्शन आत जसंच्या तसं वापरलंत तर इथे पाय घसरतो. ही माझी तिसरी चूक.

`\१` आत आलं तर तो मागच्या गटाचा (गोल कंसाचा) संदर्भ नाही. पर्ल आणि पायथन त्याला अष्टमान संख्या समजतात.

ओळखीचं नसलेलं रोमन अक्षर बॅकस्लॅशनंतर आलं तर? गप्प बसून ते अक्षरच घ्यायचा मोह होतो. चूक द्या. पायथनही आता तेच करतो.

पॉसिक्स नावं चालत असतील तर आतल्या `[` नंतर `:` आहे का बघा आणि `:]` पर्यंत वाचा. ही नावं कंसाच्या आतच चालतात, म्हणजे `[[:डिजिट:]]` असे दोन कंस लागतात. एकच कंस लावून `[:डिजिट:]` लिहिलं तर तो विसर्गासारखं दिसणारं ते चिन्ह आणि काही सुट्या अक्षरांचा संच होतो. ग्नू ग्रेप ही चूक ओळखून बजावतो, तुम्हीही बजावा.

६. हायफन

हायफनचे नियम पुस्तकात असे असतात: पहिला असेल तर साधा, शेवटचा असेल तर साधा, रेंज संपल्यावर लगेच आला तर साधा, नाहीतर रेंज. मी प्रत्येक नियमासाठी वेगळी अट लिहिली. सात अटी झाल्या, त्यातल्या दोन एकमेकींशी भांडत होत्या. मग सगळं पुसून हे लिहिलं:

```
क्लास_वाच():
    सुरुवात = जागा
    '[' ओलांड
    उलटा = नाही
    जर पुढे '^':  उलटा = होय;  '^' ओलांड
    पहिला = बोली.पहिला_कंस_साधा
    यादी = रिकामी

    पुन्हा पुन्हा:
        जर मजकूर संपला:
            चूक("कंस बंद झाला नाही", सुरुवात)
        जर पुढे ']' आणि पहिला == नाही:
            ']' ओलांड, बाहेर पड
        पहिला = नाही

        डावा = घटक_वाच()
        जर पुढे '-' आणि त्याच्या पुढे काहीतरी आहे
           आणि ते ']' नाही:
            '-' ओलांड
            उजवा = घटक_वाच()
            रेंज_तपास(डावा, उजवा)
            यादीत टाक (डावा ते उजवा)
        नाहीतर:
            यादीत टाक (डावा)

    परत दे (यादी, उलटा)
```

सात अटींची एक झाली. हाताने चालवून बघा. `[-क]`: डावा घटक स्वतः हायफन, पुढे क, रेंज नाही. `[क-]`: हायफनच्या पुढे `]`, म्हणून क एकटा, मग हायफन एकटा. `[क-ग-च]`: क ते ग ही रेंज पूर्ण झाली, पुढच्या फेरीत हायफन डावा घटक, पुढे च. रेंज नाही, हायफन साधा. पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट असंच वाचतात. पॉसिक्सने मात्र असा नमुना अनिर्णित सोडलाय, तेव्हा इशारा दिलेला बरा.

`रेंज_तपास` मध्ये दोन प्रश्न. डावा उजव्यापेक्षा मोठा आहे का? असेल तर चूक. आणि दोहोंपैकी एखादा संच आहे का? `[\डी-क]` म्हणजे ‘अंकांपासून क पर्यंत’, याला अर्थ नाही. पायथन चूक देतो. जावास्क्रिप्ट यू फ्लॅगशिवाय हायफनला साधा मानतो, फ्लॅग असेल तर चूक देतो.

विरामचिन्हांमध्ये हायफन फारच गमती करतो. आस्कीमध्ये (इंग्रजी अक्षरं-चिन्हांच्या जुन्या क्रमांकयादीत) `*` ४२, `+` ४३, स्वल्पविराम ४४, हायफन ४५, टिंब ४६, `/` ४७. आता गणितातली चार चिन्हं हवीत म्हणून कुणी `[+-*/]` लिहितो: ४३ ते ४२, उलटी रेंज, चूक. हा नशीबवान. `[*+-/]` लिहिणाऱ्याला चूक येत नाही; त्याला ४३ ते ४७ मिळतात, म्हणजे न मागता स्वल्पविराम आणि टिंब. `[,-.]` लिहिणारा सर्वांत सुखी: रेंज म्हणून वाचा की तीन सुटी चिन्हं म्हणून, उत्तर तेच. असा नमुना चाचणीत ठेवू नका, तो काहीच सिद्ध करत नाही.

याच जातीतला जुना सापळा म्हणजे रोमन कॅपिटल ए पासून छोट्या झेडपर्यंतची रेंज. कॅपिटल झेड ९० वर संपतो, छोटा ए ९७ वर सुरू होतो, आणि मधली सहा चिन्हं, त्यात `[` `\` `]` `^` आणि `_`, फुकट आत येतात. अशी रेंज वैध आहे, पण इशारा द्यायलाच हवा.

संचात स्वल्पविराम पेरणारेही असतात: `[क,ख,ग]`. आणि उभ्या रेघा: `[क|ख|ग]`. दोन्ही वैध, दोन्हींचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातला नाही. एकच विरामचिन्ह संचात दोनदा आलं की टोका. माझ्या साधनातला हा इशारा लोकांना सगळ्यात उपयोगी पडला.

७. यादीचा संच करा

हाती आलेली यादी आता नीट लावायची: सुरुवातीनुसार क्रम लावा, आणि पुढची रेंज आधीच्या शेवटाच्या आत किंवा लगेच पुढे सुरू होत असेल तर दोन्ही जोडा.

`[क-घग-चट]` घ्या. क ते घ म्हणजे २३२५–२३२८, ग ते च म्हणजे २३२७–२३३०, ट म्हणजे २३३५. जोडल्यावर उरतात दोन: २३२५–२३३० आणि २३३५. संच उलटा असेल तर मधल्या फटी घ्या: ०–२३२४, २३३१–२३३४, २३३६–१११४१११. शेवटचा आकडा म्हणजे युनिकोडचा शेवटचा कोडपॉइंट. सगळं व्यापणाऱ्या संचाचं उलट रिकामं येतं, तेव्हा रिकाम्या यादीवर कोड कोसळत नाही ना ते बघा. आणि उलट्या संचात नवी ओळही येते, हे वापरणाऱ्याला सांगा, `[^"]*` एका ओळीत थांबत नाही.

माझी चौथी चूक इथली. लहान-मोठी अक्षरं समान मानणारा फ्लॅग असेल तर आधी संचात जोडीदार अक्षरं भरायची, मग उलटा करायचा. मी आधी उलटा करून मग जोडीदार भरत होतो. त्यामुळे ‘छोटा ए सोडून सगळं’ या संचात कॅपिटल ए होता, त्याचा जोडीदार म्हणून छोटा ए परत आत आला, आणि संच सगळ्याशीच जुळू लागला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून माझ्या एकाही मराठी चाचणीत हे दिसलं नाही. ही एक चाचणी रोमनमध्येच करा. आणि जोडीदार नेहमी एकच असतो असं धरू नका: युनिकोडच्या नियमात केल्विनचं चिन्ह (८४९०) रोमन के चा जोडीदार आहे.

८. चूक सांगताना जागा सांगा

कंस बंद झाला नाही, तर चूक मजकुराच्या शेवटाशी सापडते. दाखवायची मात्र उघडणाऱ्या कंसाची जागा. वापरणाऱ्याला तिथेच दुरुस्त करायचंय. त्यासाठीच वरच्या कोडमध्ये `सुरुवात` जपून ठेवलीय. उलट्या रेंजसाठी दोन्ही टोकं आणि त्यांचे कोडपॉइंट दाखवा. ‘वेलांटी (२३६७) ते ग (२३२७): उलटी रेंज’ असं वाचलं की माणसाला दोन सेकंदांत कळतं. नुसती मात्रा पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते आणि कुणालाच ओळखू येत नाही, म्हणून तिचं नाव लिहा.

९. ही यादी चाचणीच्या फाइलमध्ये उतरवून घ्या

अपेक्षित उत्तरं पायथनप्रमाणे दिली आहेत. तुमची बोली वेगळी असेल तर तिच्या खऱ्या इंजिनाला विचारून उजवी बाजू बदला.

- `[क]` → क
- `[^क]` → क सोडून सगळं, नवी ओळ धरून
- `[क^]` → क, `^`
- `[]क]` → `]`, क
- `[^]क]` → `]` आणि क सोडून सगळं
- `[]` → चूक, जागा ०
- `[क` → चूक, जागा ०
- `[\]क]` → `]`, क
- `[-क]` आणि `[क-]` → दोन्हींत हायफन आणि क
- `[क-ग-च]` → क, ख, ग, हायफन, च
- `[+--]` → `+`, स्वल्पविराम, हायफन
- `[ग-क]` → चूक, उलटी रेंज
- `[\डी-क]` → चूक
- `[क्ष]` → क, हलन्त, ष; सोबत तुमचा इशारा
- `[कि-गि]` → चूक, उलटी रेंज
- `[(|)]` → `(`, `|`, `)`
- `(क[)]ख)` → एक गट, आत संच, गोल कंसांचा हिशोब बरोबर
- `[अ-ह]` → ‘ॲ’ जुळता कामा नये

शेवटची चाचणी मी मुद्दाम ठेवलीय. पुढे कधी कुणी ‘मराठीसाठी सोय’ म्हणून ती रेंज गुपचूप वाढवायला गेलं, तर ही लाल होईल. वकिलांसाठी नमुन्यातच `[अ-हॲ]` असं लिहायचं.